नसबंदी गड्यानं करावी, रिपोर्ट बायकोच्या हाती द्यावा

मी रांजणगावच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला फिटर आहे आणि राहायला कारेगावला. मूळ गाव बीडच्या गेवराई तालुक्यातलं. आई-वडिलांची सगळी उमेद ऊसतोडीत गेली. मला थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा अशी दोन लेकरं आहेत. धाकटा वर्षाचा झाला तेव्हा मी नसबंदी करून घेतली. ही गोष्ट मी लपवत नाही. कँटीनमध्ये विषय निघाला की सांगतो. आज पेपरात लिहितोय, कारण आमच्यासारखी जी तरुण जोडपी कारेगावच्या खोल्याखोल्यांतून संसार करतात, त्यांच्यात ‘ऑपरेशन’ म्हटलं की ते बाईचंच असं धरून चाललेलं असतं. त्यावर नवरा-बायकोचं बोलणंसुद्धा होत नाही. दुसरं बाळंतपण झालं की सासू, आई, शेजारीण आणि दवाखाना मिळून तिची तारीख ठरवतात आणि नवरा फॉर्मवर सही करून ड्यूटीवर जातो.

हे फक्त आमच्या गल्लीतलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्या आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ४९.१ टक्के जणींचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्यानं करून घेतलेलं होतं अशांचं प्रमाण ०.४ टक्के. म्हणजे हजार घरांत चारशे एक्क्याण्णव बायका आणि चार पुरुष. आदल्या फेरीतही पुरुषांचा आकडा एवढाच होता. मधल्या काळात आमच्याकडे मोबाइल आले, रोबो आले, कंपन्यांच्या नवीन लाइनी चालू झाल्या. हा आकडा जागचा हलला नाही.

कारेगाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याहून नगर रस्त्यानं निघालं की रांजणगावचा महागणपती लागतो आणि शिरूरच्या बाजूला थोडं पुढं गेलं की कारेगाव. पूर्वीचं हे शेतीचं गाव, आता एमआयडीसीचं राहण्याचं ठिकाण झालंय. बीड, परभणी, नांदेड, लातूर, यवतमाळ, तिकडून उत्तर प्रदेश, बिहार असे सगळीकडचे लोक इथं आहेत. वर पत्रा, एका ओळीत दहा-बारा खोल्या, पाण्याला वेळ ठरलेली. नवरा एका शिफ्टला, बायको दुसऱ्या. पुष्कळ बायकाही ठेक्यावर पॅकिंगला जातात. गावाकडं बाईचं ऑपरेशन झालं तर चुलीपाशी जाऊ-सासू असते. इथं कोण आहे? पोटावर टाके असलेली बाई चौथ्या दिवशी हंडा उचलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. तिला सांगायला सिस्टर आली होती, की वजन उचलू नको. तिनं मान हलवली आणि सिस्टर गेल्यावर दुसरा हंडा लावला, कारण पाणी तासाभरात जाणार होतं.

माझ्या बायकोची दोन्ही बाळंतपणं सिझरची. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, की पोट उघडणारच आहोत तर ऑपरेशन त्यातच करून टाकायचं का. ही पद्धत चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. त्या वेळी वेगळी भूल लागत नाही, वेगळी चीर लागत नाही, आणि ज्यांचा विचार आधीपासून पक्का असतो त्यांच्यासाठी ते सोयीचं असतं. पण आमचा धाकटा दिवस भरायच्या आत जन्मला होता, काचेच्या पेटीत होता. पेटीतलं लेकरू हाती लागेल की नाही हे कळत नसताना कोणते आई-बाप असल्या कागदावर सही करतील? आम्ही नको म्हणालो. लेकरू वाचलं, रांगलं, उभं राहिलं. मग परत विषय निघाला आणि दवाखान्यातून निरोप आला, की त्यांना घेऊन या. त्यांना म्हणजे बायकोला.

तिच्या पोटावर एकाच जागी दोनदा चीर पडलेली. आता तिसऱ्यांदा पुन्हा तिचंच पोट? माझं शरीर धडधाकट आहे आणि माझ्या बाजूचं काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे, हे कळल्यावर मला दुसरा विचार सुचला नाही.

मी बीडचा आहे, म्हणून हे मला जास्त टोचतं. २०१९ साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा विषय महाराष्ट्रभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांवर जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणी अजून तरुण होत्या. पाळीत खाडा पडायला नको, मुकादमाचा दंड नको, दुखणं एकदाचं मिटवा, अशी कारणं. ती शस्त्रक्रिया वेगळी, नसबंदी वेगळी, हे मला कळतं. पण बाईचं पोट उघडायला घरातलं कुणी फारसं अडखळत नाही आणि पुरुषाला नुसतं इंजेक्शन द्यायचं म्हटलं तर सगळं घर गोळा होतं, हे दोन्हीकडं सारखंच आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात ८३ बायकांची ऑपरेशनं एकाच दिवशी उरकली आणि तेरा बायका जिवाला मुकल्या. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली. आपल्याकडं चांगल्या दवाखान्यात बाईचं ऑपरेशन सुरक्षित होतं, त्यानं कुणी घाबरून जाऊ नये. तरी पोटाच्या आत शिरून करायचं काम आणि कातडीखाली करायचं काम यांची जोखीम एक नाही. पुरुषाचं ऑपरेशन सोपं आहे, त्यात धोका कमी आहे, हे डॉक्टर लोक किती वर्षं सांगताहेत.

घरात मी बोललो तेव्हा पहिला विरोध वडिलांचा. त्यांचा शब्द जसाच्या तसा लिहितो, कारण गावोगाव हाच शब्द आहे: “बडवून घेतोस का?” वडिलांनी आयुष्यभर बैल पाळले. गाडी ओढणारा बैल बडवलेला असतो. त्याची रग जाते, तो गरीब होतो, हे त्यांनी पाहिलेलं. नसबंदी म्हणजे माणसाचं तेच, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. जनावरांच्या डॉक्टरचा चिमटा खोंडाच्या अंडाकडं जाणारा अख्खा दोर चेंगरतो, त्यात रक्ताची नसही चेंगरते. रक्त बंद झालं की अंड वाळतं, आणि मर्दपणाचा जो रस अंडात तयार होऊन रक्तात मिसळतो तोही बंद होतो. माणसाच्या नसबंदीत अंडाला कुणी हात लावत नाही, रक्ताच्या नसेलाही नाही. शुक्राणू वर नेणारी सुतळीएवढी एक नळी दोन्ही बाजूंना असते, तेवढी कापून बांधतात. अंड जागेवर, रक्त चालू, रस चालू. आवाज, मिशा, ताकद, इच्छा यांत काही फरक पडत नाही. पाणीही पूर्वीसारखंच येतं, कारण त्यात शुक्राणूंचा भाग शंभरात दोन-पाच एवढाच असतो, बाकी सगळं वरच्या ग्रंथींतून येतं. वडिलांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि गप्प बसले. त्यांना पटलं असं मी म्हणत नाही. पण ‘बडवून’ हा शब्द त्यांनी परत काढला नाही.

बायकोचा विरोध वडिलांपेक्षा मोठा होता, आणि माझ्या या लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. पहिल्यांदा ती म्हणाली, “तुम्ही कमावते, तुम्हाला काही झालं तर?” मग म्हणाली, “तुमचं काम वजनाचं.” हे सगळ्याच बायका म्हणतात. आशाताईंना विचारा, त्या सांगतील, की नवरा एक वेळ तयार होतो आणि बायकोच त्याला मागं ओढते. पण काही दिवसांनी लेकरं झोपल्यावर ती जे बोलली ते मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “समजा तुमचं ऑपरेशन झालं आणि उद्या चुकून मला दिवस गेले, तर लोक कुणाकडं बघतील?”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिचं ऑपरेशन फसलं तर लोक डॉक्टरला शिव्या देतील. माझं फसलं तर बोट तिच्याकडं जाईल. खोल्यांच्या ओळीत भिंतीला भिंत लागून असते, कोण कुठल्या शिफ्टला, कोण कधी घरी, सगळ्यांना सगळं ठाऊक. नवरा रात्रपाळीला असतो तेव्हा बायको एकटी असते हेही ठाऊक. अशा ठिकाणी बाईनं हा धोका का पत्करावा? त्यापेक्षा ती स्वतःच्या पोटावर चीर घेते. पुरुष घाबरतात म्हणून नसबंदी होत नाही, असं सगळे लिहितात. पुरुष घाबरतात हे खरंच आहे. पण बाईची ही भीती कुणी हिशेबात धरत नाही, आणि माझ्या मते ती जास्त खरी आहे.

त्यावर उपाय आहे, आणि तो ऑपरेशनच्या आतच आहे. फक्त तो अर्धवट सोडला जातो.

आधी ऑपरेशन कसं होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. कायद्यानं बायकोची सही लागत नाही, माझी एकट्याची पुरते. पण तिला बरोबर न्यावं असं मी प्रत्येकाला सांगेन. लग्न झालेलं असावं, वय साठच्या आत असावं, निदान एक मूल वर्षाच्या वरचं असावं, एवढ्या अटी. फॉर्म मराठीत होता, त्यात ‘हे कायमचं आहे’ ही ओळ डॉक्टरांनी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. रक्त, लघवी, बीपी तपासलं. टेबलावर झोपवून औषधानं जागा पुसली. एक बारीक सुई टोचली, ती चुरचुरली, मग तो भाग जड झाला. डॉक्टर चिमटीत कातडीखाली नळी शोधतात. ती सापडल्यावर टोकदार चिमट्यानं कातडीला एक छिद्र पाडतात, नळीचा वेढा बाहेर घेतात, तुकडा कापतात, टोकं बांधतात आणि आत सोडतात. त्याच छिद्रातून दुसऱ्या बाजूची नळी. नळी ओढली जाते तेव्हा खाली नाही, ओटीपोटात ओढ बसते; ते विचित्र वाटतं, पण क्षणभरच. टाका नाही. छिद्रावर पट्टी, वर लंगोट घट्ट. ब्लेड न लावता करायची ही पद्धत १९७४ साली चीनमध्ये ली शुनचियांग नावाच्या डॉक्टरांनी काढली आणि आपल्याकडं ती बिनटाका म्हणून चालते. अर्धा-पाऊण तास पडून राहिलो, चहा घेतला आणि मित्राच्या गाडीवर मागं बसून नाही, रिक्षानं घरी आलो, कारण डॉक्टरांनी दुचाकीला मनाई केली होती.

दोन दिवस आराम, लंगोट, दुखलं तर साधी गोळी. खाली काळंनिळं झालं होतं, ते उतरलं. हलकं काम दोन दिवसांनी करता येतं, वजन आणि सायकल आठवड्यानं. माझं काम मोटरी, गिअरबॉक्स उचलायचं, म्हणून मी आठवडा पूर्ण घेतला.

आता खरा मुद्दा. ऑपरेशन झालं त्या दिवशी माणूस सुरक्षित झालेला नसतो. कापलेल्या जागेच्या पुढच्या नळीत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. ते संपायला वेळ लागतो. म्हणून तीन महिने निरोध वापरायचाच, किंवा बायकोनं तिचं साधन चालू ठेवायचं, आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासून घ्यायचं. दुर्बिणीखाली एकही शुक्राणू दिसला नाही, की ऑपरेशन झालं असं म्हणायचं. नसबंदीचं प्रमाणपत्रही या तपासणीनंतर द्यायचं असतं. एकदा रिपोर्ट कोरा आला की त्यानंतर दिवस राहण्याची शक्यता दोन हजारांत एक, इतकी कमी असते. ज्यांची ‘फसली’ म्हणून आपण ऐकतो त्यातली बरीचशी याच तीन महिन्यांतली असतात. तो माणूस पट्टी काढून आठव्या दिवशी निर्धास्त होतो, निरोध फेकून देतो, तपासणीला जात नाही, आणि चौथ्या महिन्यात घरात वादळ होतं. ते वादळ बाईच्या डोक्यावर फुटतं.

माझ्या ओळखीतल्या ज्यांनी नसबंदी केली त्यांच्यापैकी तपासणी करून घेतलेला माणूस मला शोधावा लागला. कुणी म्हणालं, लाज वाटली. कुणी म्हणालं, मला कुणी सांगितलंच नाही. कुणाला सांगितलं होतं, पण त्या दिवशी रजा नव्हती. लाज मलाही वाटली. पण त्यात काही अवघड नाही. लॅबमधून स्वच्छ बाटली मिळते. निरोधात नमुना घ्यायचा नाही, त्याला औषध लावलेलं असतं. बाटली अंगाजवळ उबेत धरून तासाभरात पोचवायची. रिपोर्ट आला त्यात एक ओळ होती, शुक्राणू आढळले नाहीत. तो कागद मी घरी नेऊन बायकोच्या हातात दिला. तिनं तो लेकरांच्या जन्मदाखल्यांच्या पिशवीत ठेवला. कागद तिच्याकडं असायला हवा, माझ्या पाकिटात नाही.

आणि समजा एवढं करूनही फसलं, तरी वाटा आहेत. सरकारी दवाखान्यातलं ऑपरेशन अयशस्वी ठरलं तर ६० हजार रुपयांची भरपाई मिळते, आणि ते मूल नको असेल तर साधन फसलं या कारणावर गर्भपात कायदेशीर आहे. नवऱ्याची तपासणी परत केली की शुक्राणू दिसतात आणि प्रश्न तिथंच मिटतो. नळी क्वचित आपली आपण पुन्हा जुळते, हे डॉक्टरांना माहीत असतं. ते घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत असावं. बायकोवर संशय घेण्याआधी स्वतःचा नमुना द्यावा, एवढं साधं आहे.

सगळंच गोड आहे असं मी सांगणार नाही. शंभरात एखाद-दोघांना खाली बारीक दुखणं बराच काळ राहतं, आणि हे दवाखान्यात आधी सांगायला हवं. नळी पुन्हा जोडण्याचं ऑपरेशन असतं, पण ते महाग आणि त्याची खात्री नाही. म्हणून ज्याच्या मनात जरा किंतु आहे त्यानं करू नये. लेकरू लहान आहे, आजारी आहे, घरात भांडण चालू आहे, अशा वेळी थांबावं. तांबी आहे, गोळ्या आहेत, इंजेक्शन आहे, निरोध आहे. आणि नसबंदीनं गुप्तरोग थांबत नाहीत, एचआयव्ही थांबत नाही. घरापासून लांब राहणाऱ्या कामगारांना हे स्पष्ट सांगावं लागतं.

आता कंपन्यांकडं येतो. आमच्या भागात ‘रजा कोण देणार?’ हा पहिला प्रश्न असतो. ठेक्यावरच्या पोराला आठवडा घरी बसणं म्हणजे आठवड्याचा पगार बुडणं. सरकार पुरुषाला १४५१ रुपये देतं, केंद्राचे ११०० आणि राज्याचे ३५१. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना ६००, बाकीच्यांना २५०. पुरुषाचे पैसे जास्त असूनही आठवड्याची मजुरी त्यातून निघत नाही. पण एक गोष्ट आमच्या शंभरातल्या नव्वद जणांना माहीत नाही. ज्याच्या पगारातून ईएसआय म्हणजे कामगार विमा कापला जातो, त्याला नसबंदीसाठी सात दिवस पूर्ण पगाराएवढा लाभ मिळतो. बाई कामगाराला तिच्या ऑपरेशनसाठी चौदा दिवस. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेला प्रत्येक जण ईएसआयमध्ये येतो, मग तो कायम असो की ठेकेदाराचा. आपल्या पगारातून पाऊण टक्का दर महिन्याला जातो तो याच्यासाठीसुद्धा जातो. डॉक्टरांचा दाखला लागतो आणि मागच्या सहामाहीत अठ्ठ्याहत्तर दिवसांची हजेरी लागते. मी ठेकेदाराच्या ऑफिसात हे बोललो तेव्हा तिथल्या माणसानं असं काही नसतं म्हणून सांगितलं. मी नियम छापून नेला. पैसे आले. माझी जी ताकद होती ती आठवी शिकलेल्या हेल्परकडं नसते, हिंदी बोलणाऱ्या नव्या पोराकडं तर नाहीच. प्रत्येक कंपनीच्या गेटवर, सेफ्टीच्या बोर्डाशेजारी, मराठी आणि हिंदीत हा नियम लागला पाहिजे. कंपनीला त्यात एक रुपया खर्च नाही.

मुलींसाठीच्या सरकारी लेक लाडकी योजनेचंही तसंच. त्या योजनेत ठरावीक हप्त्यांसाठी अर्ज करताना कुटुंब नियोजनाचं प्रमाणपत्र मागतात. शासन निर्णयात माता किंवा पिता असं लिहिलेलं आहे. आमच्या गल्लीत सगळ्यांचा समज असा, की आईचंच चालतं. बापाचं चालतं, हे अर्ज भरून घेणाऱ्या ताईंनी तोंडानं सांगितलं पाहिजे.

सरकारनं पुरुषांना परत टार्गेटखाली आणावं असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. आमच्या वाडवडिलांच्या मनात आणीबाणी बसलेली आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या ६२ लाखांच्या आसपास पुरुषांच्या. सोलापूर जिल्ह्यात बार्शीत बाजाराला आलेल्या माणसांना धरून नेऊन ऑपरेशनं केल्याची प्रकरणं गाजली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीचा कायदाही मंजूर केला होता. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो राहिला. पुढच्याच वर्षी देशातल्या पुरुष नसबंद्यांचा आकडा दोन लाखांच्या खाली गेला, आणि तेव्हापासून सगळा भार बायकांवर सरकला. सक्ती पुरुषांवर झाली आणि पन्नास वर्षं त्याची भरपाई बायका करताहेत. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा ते लोकांच्या मर्जीवर आणि समजावण्यावर उभं होतं. त्यापायी त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली, पण कुणाला धरून आणावं असं त्यांच्या मनात आलं नाही. वाट तीच आहे.

लोकसंख्येची भीतीही घालू नये. महाराष्ट्रात एका बाईमागं सरासरी १.७ मुलं होतात. दोनच्याही खाली आलो आपण. दोन लेकरांवर थांबायचं हे घराघरात ठरलेलं आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, ही तारीख तर गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याला पाठ आहे. थांबायचं ठरलेलंच आहे. कुणाच्या शरीरावर थांबायचं, एवढाच प्रश्न उरलाय, आणि त्यावर पुरुषांशी बोलायला कुणी येत नाही. आशाताई येतात त्या दिवसा, बायकांकडं. पुरुष आरोग्यसेवकानं संध्याकाळी यावं, शिफ्ट सुटल्यावर चौकात, साप्ताहिक सुट्टीला खोल्यांवर. दर वर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदीचा पंधरवडा असतो. त्यात बॅनर लागतात. बॅनरऐवजी ज्यांनी करून घेतलंय अशी दोन माणसं प्रत्येक कंपनीच्या कँटीनमध्ये उभी करा. मी यायला तयार आहे.

आणि ज्यानं ज्यानं ऑपरेशन केलं त्याला तीन महिन्यांनी फोन गेला पाहिजे. लेकरांच्या डोसासाठी आठवणीचे फोन येतात, मेसेज येतात. या तपासणीसाठीही यावेत, आणि फोन दोघांच्याही नंबरवर यावा. ऑपरेशनचा आकडा लिहिताना शेजारी किती जणांचे रिपोर्ट आले हाही रकाना भरावा. तो भरल्याशिवाय दवाखान्याचं काम झालं असं धरू नये.

आमच्या लाइनवरचा परभणीचा एक जण गेल्या महिन्यात मला पार्किंगमध्ये गाठून विचारत होता. त्याला दोन मुली. वजनाचं विचारलं, पगाराचं विचारलं, रात्रीच्या गोष्टींचं विचारलं. मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आमच्या खोलीवर आला. ती माझ्या बायकोशी आत बोलत बसली, आम्ही बाहेर. निघताना ती नवऱ्याला म्हणाली, “रिपोर्ट माझ्या हातात येईपर्यंत माझी तांबी मी काढणार नाही.” तो हो म्हणाला. ईएसआयचा फॉर्म त्यानं माझ्याकडून मोबाइलवर घेतला आहे आणि पुढच्या सुट्टीला मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाणार आहे.